पुण्याची हिरवळ मोजण्यासाठी कोपर्निकस ब्राउझर: दीड वर्षाच्या वापरानंतर

दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी एक चौकट म्हणजे साधारण १०७६ चौरस फूट. गेल्या वीस वर्षांत ज्यांनी पुण्यात घर घेतले आहे त्यांना हे क्षेत्रफळ वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या जाहिरातीत थोड्याफार फरकाने हाच आकडा छापलेला असतो. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर शहर ज्या तुकड्यांनी बनलेले दिसते, त्यांतला सर्वांत लहान तुकडा एवढा असतो, आणि या सेवेबद्दल जे काही बरे-वाईट सांगायचे आहे ते बहुतेक सगळे या एका मापातूनच निघते.

ही सेवा युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमाची आहे. 'सेंटिनल' या मालिकेतील उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे कोणालाही, कोणत्याही देशातून, विनामूल्य पाहता यावीत आणि उतरवून घेता यावीत, हा या कार्यक्रमाचा मूळ नियम आहे. आधीची जुनी आणि किचकट व्यवस्था मागे पडून सध्याचे संकेतस्थळ २०२३ मध्ये आले. हिरवळीच्या अभ्यासासाठी आपल्या कामाचा उपग्रह म्हणजे सेंटिनल-२. त्याचा पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये, दुसरा मार्च २०१७ मध्ये आणि तिसरा सप्टेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेला. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, एका फेरीत २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतात, आणि तोही सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे सूर्य फार डोक्यावर आलेला नसताना. नुसते पाहण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. कालक्रमाने पुढे सरकणारी चित्रफीत तयार करणे किंवा मूळ फाइल उतरवणे अशा कामांसाठी नोंदणी लागते आणि तीही फुकट आहे.

मी निवृत्त भूगोल शिक्षक असून कोथरूडमध्ये राहतो. आमच्या भागातील सात-आठ जण रोज सकाळी टेकडीवर जातात, आणि टेकडीवर जाणाऱ्या कोणत्याही पुणेकर गटाप्रमाणे आमच्यातही दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते शहरातील हिरवळ निम्मी उरली आहे आणि दुसऱ्याच्या मते वृक्षारोपणामुळे ती उलट वाढली आहे. दोन्ही पक्षांनी आयुष्यात काहीही मोजलेले नव्हते. मोजून पाहावे, एवढ्याच हेतूने मी या सेवेकडे वळलो. तिचा वापर दीड वर्ष सातत्याने केल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

संकेतस्थळ उघडून शोधपेटीत पुणे लिहिले की नकाशा येतो. डावीकडे दिनदर्शिका असते, ज्या दिवसांचे चित्र उपलब्ध आहे ते दिवस तीत खुणेने दाखवलेले असतात, आणि ढगांचे प्रमाण किती टक्क्यांपर्यंत चालेल हे एका सरकपट्टीने ठरवता येते. त्याखाली चित्र कोणत्या रंगांत पाहायचे याचे पर्याय असतात. पहिला पर्याय आपल्या डोळ्यांना दिसतात त्या रंगांचा. दुसऱ्यात झाडोरा लालभडक दिसतो. तो पहिल्यांदा पाहताना टेकड्यांना आग लागल्यासारखे वाटते. खरा उपयोगाचा पर्याय आहे 'एनडीव्हीआय', म्हणजे वनस्पती निर्देशांक. त्यामागचे गणित सातवीच्या मुलालाही करता येईल इतके सोपे आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोन प्रकाशांच्या परावर्तनातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की निर्देशांक मिळतो. एखाद्या दाट झाडोऱ्याच्या चौकटीतून अवरक्त प्रकाश ०.४० आणि तांबडा ०.०५ परत आला, तर ०.३५ भागिले ०.४५, म्हणजे सुमारे ०.७८. उघड्या मुरमाच्या चौकटीतून ०.२५ आणि ०.२० आला, तर ०.०५ भागिले ०.४५, म्हणजे ०.११. एवढे कळले की पडद्यावरील हिरव्या-पिवळ्या छटांचा धाक उरत नाही.

धाक गेला की माणूस चुका करतो, आणि माझी पहिली चूक चारचौघांत झाली. मी वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी यांच्याभोवती रेषा आखून घेतली, २०१८ च्या ऑक्टोबरमधील चित्र आणि २०२३ च्या मार्चमधील चित्र शेजारी शेजारी लावले, आणि सोसायटीच्या सभागृहात भिंतीवर ती दाखवून टेकडीचा अर्ध्याहून अधिक झाडोरा पाच वर्षांत नाहीसा झाल्याचे जाहीर केले. श्रोत्यांत हळहळ पसरली. मागच्या रांगेत बसलेल्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी शांतपणे विचारले, "सर, मार्चमध्ये ग्लिरिसिडियाला पान असतं का?" नसते. वन खात्याच्या जुन्या लागवडीतील ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प आपल्या टेकड्यांवर उदंड आहे. ते हिवाळ्यात पान टाकते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुले मिरवते. सालई, गणेर, मेडशिंगी हे मूळचे वृक्षही पानझडीच, आणि कुसळी गवत तर दिवाळीनंतर पिवळे पडू लागते. मी दाखवला तो केवळ ऋतू होता. झाडे जागच्या जागी होती.

यातून मिळालेला नियम मी आता कोणालाही पहिल्यांदा सांगतो: पुण्यासारख्या पानझडीच्या प्रदेशात दोन वर्षांची तुलना करायची, तर चित्रे एकाच पंधरवड्यातील हवीत, आणि त्या त्या वर्षी पाऊस केव्हा थांबला तेही पाहायला हवे. ऑक्टोबरच्या अखेरीचा पाऊस एखाद्या वर्षी गवत महिनाभर हिरवे ठेवतो आणि एखाद्या वर्षी सप्टेंबरातच रान वाळू लागते. युरोपातील मार्गदर्शिकांमध्ये उन्हाळ्याची चित्रे घ्यावीत असे लिहिलेले आढळते. तो सल्ला तिकडचा आहे, कारण तिकडे उन्हाळ्यात झाडे भरात असतात. इकडे त्याच महिन्यांत एक तर रान करपलेले असते, किंवा मग जूननंतर आकाशच दिसत नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये निरभ्र चित्र मिळणे हा योगायोगच, त्यामुळे पुण्याची टेकडी सर्वांत हिरवी असते तेव्हाच ती या उपग्रहाच्या नजरेआड असते. ढगांतून पाहू शकणारा रडारचा उपग्रह सेंटिनल-१ याच संकेतस्थळावर आहे, पण त्याची करडी चित्रे वाचायला वेगळा सराव लागतो आणि मला तो अजून साधलेला नाही.

दुसरी चूक आमच्या गटातील एका तरुण अभियंत्याने केली. ती अधिक शिकवणारी असल्याने सविस्तर सांगतो. त्याने संकेतस्थळावरील तयार चित्रांवर समाधान न मानता मूळ फाइल उतरवल्या आणि क्यूजीआयएस या विनामूल्य नकाशा-प्रणालीत स्वतः निर्देशांक काढला. २०२१ ते २०२३ या काळात शहरभर हिरवळ एक-तृतीयांशाने घटल्याचे त्याला दिसले. आणि तीही कुठे एके ठिकाणी नव्हे, तर टेकडी, उद्यान, ऊस, बांध, सगळीकडे सारखीच. सारखीच, हाच शब्द संशयाचा होता. शोध घेतल्यावर कळले की २५ जानेवारी २०२२ पासून या उपग्रहाच्या फाइलींमध्ये प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात आणि वापरणाऱ्याने ते वजा करायचे असतात. परावर्तनाच्या भाषेत १००० म्हणजे ०.१०. वरच्याच उदाहरणात ०.४० चे ०.५० आणि ०.०५ चे ०.१५ झाले, तर अंश ०.३५ च राहतो, पण छेद ०.४५ वरून ०.६५ होतो, आणि ०.७८ चा निर्देशांक ०.५४ वर येतो. एकही फांदी न तोडता शहर उजाड! ब्राउझरमधील तयार चित्रांत ही दुरुस्ती आधीच केलेली असते. जो हौसेने मूळ फाइलींकडे जातो त्याने मात्र ती स्वतः करायची असते. २०२२ च्या अलीकडची आणि पलीकडची आकडेवारी एकत्र मांडणारा एखादा तक्ता कोणी समोर ठेवला, तर मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो.

आता या सेवेचे बलस्थान. शहराच्या कडेला काय घडते आहे ते पाहायचे असेल, तर विनामूल्य साधनांत याच्या तोडीचे मला दुसरे काही आढळले नाही. बालेवाडी, म्हाळुंगे आणि सूस यांच्याभोवती एक चौकोन आखला, दरवर्षीच्या नोव्हेंबरमधील एकेक निरभ्र चित्र निवडले आणि चित्रफीत चालवली, की आठ-नऊ वर्षे दहा सेकंदांत डोळ्यांसमोरून जातात. आधी शेतांचे लहान-मोठे हिरवे-तपकिरी तुकडे दिसतात. मग त्यांतून एक पांढरी रेघ जाते. तो मुरूम टाकलेला रस्ता. पुढच्या वर्षी रेघेच्या दोन्ही बाजूंचे तुकडे पिकाविना पडीक दिसू लागतात, कारण प्लॉटिंग झालेल्या जमिनीत कोणी ज्वारी पेरत नाही. त्यानंतर एक-दोन वर्षांनी इमारतींचे पांढरे ठिपके उमटतात आणि त्यांच्या सावल्या वायव्येकडे पडतात. मांजरी आणि वाघोलीकडे हाच क्रम थोड्या वेगळ्या चालीने दिसतो. वाघोलीत इमारतींच्या बरोबरीने गोदामांचे लांबट पत्रे चकाकतात. महापालिकेत १९९७ मध्ये २३, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये पुन्हा २३ गावे आली व शहराचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले, हे वाक्य वाचून जे समजत नाही ते या दहा सेकंदांत समजते. विशेषतः हे, की जमीन पडीक होण्याची पायरी इमारतीच्या दोन-तीन वर्षे आधी येते, आणि शेताचा वापर बदलला आहे याची पहिली खूण बांधकाम नसून न पेरलेले वावर ही आहे.

शहराच्या आत शिरल्यावर मात्र चित्र तितके प्रामाणिक राहत नाही. उपग्रहाला हिरवे काय आहे ते कळते. ते कशाचे हिरवे आहे हे कळत नाही. पाषाण तलावाचे एक चित्र मी मुद्दाम जपून ठेवले आहे. निर्देशांकाच्या नकाशात तलावाचा मोठा भाग गर्द, एकसारखा हिरवा दिसतो, टेकडीपेक्षाही गर्द. त्याच आठवड्यात मी बांधावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा समोर जलपर्णीचा गालिचा पसरला होता, जाड देठांचा आणि इतका दाट की त्यावर बगळे चालत होते. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर वाढलेल्या, खालच्या पाण्यातील प्राणवायू कमी करणाऱ्या या वनस्पतीला निर्देशांकाच्या हिशेबात पैकीच्या पैकी गुण मिळतात. मुळा-मुठेच्या पात्रातही जलपर्णी साचते तेव्हा हेच होते. म्हणजे नदी जितकी बिघडेल तितके शहर अधिक हिरवे. हा दोष उपग्रहाचा नाही, 'हिरवे म्हणजे चांगले' असे आधीच ठरवून बसणाऱ्याचा आहे. तरीही शहरातील हिरवळीची टक्केवारी सांगणाऱ्या कोणत्याही अहवालात पाण्यावरची हिरवळ वगळली आहे का, हे विचारायला हवे.

दुसरा फसवा हिरवा रंग उसाचा आणि तिसरा स्लॅबवरच्या बागेचा. उसाबद्दल फार सांगायला नको. तो पुढच्या वर्षी तुटतो. स्लॅबवरच्या बागेची गोष्ट वेगळी आहे. एका गृहप्रकल्पाच्या पुस्तिकेत, नाव सांगण्याचे कारण नाही, भूखंडाचा निम्म्याहून अधिक भाग हिरवा असल्याचे म्हटले होते, आणि उपग्रहाच्या चित्रात ते खरेही दिसत होते. प्रत्यक्षात ती वाहनतळाच्या छतावर दीड-दोन फूट माती टाकून उगवलेली हिरवळ होती. तिथे वड लावता येत नाही, पावसाचे पाणी खाली मुरत नाही, आणि पंप बंद पडला की आठवड्यात ती पिवळी पडते. पहिल्या मार्च महिन्यात टेकडी करपलेली असताना हा तुकडा टवटवीत दिसतो, तेव्हाच खरे तर ओळखावे. पुण्यात उन्हाळ्यात जे गर्द हिरवे दिसते त्याला कोणीतरी पाणी घालत असते. ही युक्ती मला उपयोगी पडली आहे. ऑक्टोबर आणि एप्रिल या दोन्ही महिन्यांतील चित्रे एकत्र पाहिली, तर नैसर्गिक रान, सिंचित बाग आणि सदाहरित मोठी झाडे यांचा बऱ्यापैकी वेगळा अंदाज येतो.

इथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण आमच्या बैठकांमध्ये सगळा घोळ त्यातूनच होत असे. भू-आच्छादन म्हणजे जमिनीवर काय आहे: गवत, झाड, पाणी, छप्पर. भू-वापर म्हणजे ती जमीन कशासाठी आहे: उद्यान, निवासी, लष्करी, शेती, आरक्षण. ही सेवा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसऱ्याबद्दल काहीही बोलत नाही. आकाशातून पाहता खडकी आणि कॅम्पातील लष्करी जागा, विद्यापीठाचे आवार, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाची शेते, येरवड्याचे गोल्फ मैदान आणि एम्प्रेस गार्डन हे सगळे एकाच जातीचे हिरवे पट्टे आहेत. त्यांपैकी सामान्य माणसाला संध्याकाळी जाऊन बसता येईल असे किती, हे कोणत्याही रंगपट्टीवर उमटत नाही. याउलट १९९७ मध्ये आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे 'बीडीपी'साठी, राखलेले सुमारे ९७८ हेक्टर चित्रात शोधू गेले, तर एप्रिलमध्ये ते उघडे तपकिरी दिसतात. ज्याला टेकडीचे गवताळ रान ठाऊक नाही, तो ते पडीक समजून 'इथे काय जाते आहे' असे सहज म्हणेल. बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्यावरून वेताळ टेकडीबद्दल जे वाद झाले, त्यांत हा युक्तिवाद मी प्रत्यक्ष ऐकला आहे. म्हणून विकास आराखड्याचा नकाशा शेजारच्या खिडकीत उघडा ठेवल्याशिवाय हे संकेतस्थळ वापरू नये, असे माझे मत आहे. आखलेल्या सीमांची केएमएल फाइल इथे चढवता येते, त्यामुळे आरक्षणाची हद्द एकदा आखून घेतली की दर वर्षी तीच हद्द तपासता येते. ही सोय अतिशय चांगली आहे.

पेठांमध्ये ही सेवा निरुपयोगी आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. वाड्याच्या चौकातला औदुंबर, बोळाच्या तोंडाशी पार बांधलेला पिंपळ, देवळामागचे बेलाचे झाड, यांतले काहीही १०७६ चौरस फुटांच्या चौकटीत वेगळे उरत नाही. त्याचा रंग शेजारच्या पत्र्यात आणि कौलात मिसळून जातो. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, पण असा वारसा वृक्ष सदाशिव पेठेत उभा असेल, तर या चित्रात तो नाही. प्रभात रस्ता आणि विधी महाविद्यालय रस्ता यांवरील जुन्या झाडांची छत्री मात्र सलग असल्याने हिरव्या पट्ट्यासारखी उमटते. ओढ्यांचेही तेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत जो हाहाकार केला, त्या ओढ्याचे पात्र कुठे किती अरुंद झाले आहे हे पाहण्याचा मी प्रयत्न केला. पात्रच बहुतेक ठिकाणी एका चौकटीपेक्षा फार मोठे नाही, तेव्हा त्याच्या काठावर सरकलेली भिंत दिसणार कशी? ते काम टेप घेऊन उतरूनच करावे लागते.

'३-३०-३००' हा नियम अलीकडे बराच ऐकू येतो. सेसिल कोनायनेंडाइक या शहरी वनशास्त्राच्या अभ्यासकांनी तो २०२१ मध्ये मांडला: प्रत्येक घरातून किमान तीन मोठी झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची छत्री असावी आणि ३०० मीटरांच्या आत हिरवी सार्वजनिक जागा असावी. मी आमच्या सोसायटीला तो लावून पाहिला. तीन झाडे खिडकीतून मोजली: दोन पर्जन्यवृक्ष आणि एक आंबा, कडुनिंब धरायचा की नाही यावर घरात एकमत झाले नाही. तीस टक्क्यांचा अंदाज ब्राउझरवरून काढता आला, पण गवत आणि झाड यांत तो फरक करत नसल्याने अंदाज वरच्या बाजूला झुकलेला असणार. तीनशे मीटरांसाठी मोजपट्टीचे साधन वापरले. आमच्या फाटकापासून जवळचे उद्यान सरळ रेषेत २८० मीटर निघाले आणि आम्ही उत्तीर्ण झालो. मग मी पायी निघालो. मधे नाल्याची भिंत आहे, उद्यानाचे आमच्या बाजूचे दार कायम कुलूपबंद असते, आणि वळसा घालून जाताना दोनदा रस्ता ओलांडावा लागतो. मोबाइलमध्ये ७५० मीटर भरले. गुडघे दुखणाऱ्या माझ्या पत्नीसाठी ते उद्यान नकाशात आहे, वापरात नाही.

हवेच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. याच संकेतस्थळावर सेंटिनल-५पी हा उपग्रह नायट्रोजन डायऑक्साइड दाखवतो. २०१७ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाची एक चौकट साडेपाच गुणिले साडेतीन किलोमीटर, म्हणजे १९ चौरस किलोमीटरहून मोठी आहे. अख्खे पुणे त्यात पंचवीस-तीस चौकटींत संपते आणि कसब्यापासून डेक्कनपर्यंतचा सगळा भाग एकीत मावू शकतो. शिवाय तो मोजतो ते जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण हवेच्या थरातील प्रमाण. स्वारगेटच्या चौकात आपल्या नाकाशी काय आहे, ते नव्हे. त्यासाठी पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची 'सफर' किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' हे ॲप उघडावे. सूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५ आहे, हे लक्षात ठेवून मगच तिथला हिरवा रंग वाचावा.

उष्णतेसाठी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांकडे जावे लागते. त्यांचा संग्रह १९७२ पासूनचा असून २००८ पासून विनामूल्य आहे, आणि जुन्या पुण्यासाठी त्याला पर्याय नाही. त्यातही एक गंमत आहे. एप्रिलच्या सकाळी काढलेल्या चित्रात शहराबाहेरचा उघडा कातळ आणि वाळलेले माळ अनेकदा दाट वस्तीपेक्षा अधिक तापलेले दिसतात, त्यामुळे शहर थंड आणि माळरान गरम असा उलटाच निष्कर्ष निघू शकतो. कातळ सूर्य बुडाल्यावर झपाट्याने निवतो, काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहते. थंडीत पाषाण आणि शिवाजीनगरचा पारा खाली असताना कोरेगाव पार्क आणि मगरपट्ट्याचा वर असतो, हे वेधशाळेच्या नोंदी वर्तमानपत्रात वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सकाळच्या एका चित्रात ही रात्र नसते.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. इस्रोचे 'भुवन' २००९ पासून आहे; त्यावरील २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ या वर्षांचे भू-वापराचे नकाशे जिल्ह्याच्या पातळीवर उत्तम, एका टेकडीसाठी ढोबळ. गूगल अर्थ प्रोमध्ये एकेक झाड दिसते आणि जुन्या तारखांची चित्रेही मिळतात, त्यामुळे ब्राउझरमध्ये संशयास्पद वाटलेली जागा मी तिथे जाऊन तपासतो. मात्र त्यात अवरक्त प्रकाशाची माहिती नसल्याने निर्देशांक काढता येत नाही आणि तारखा आपल्या सोयीच्या नसतात. दोन्ही मिळून वापरावीत.

कोपर्निकस ब्राउझर मराठीत नाही, त्यातील पर्यायांची नावे तांत्रिक इंग्रजीत आहेत, आणि संगणकाच्या मोठ्या पडद्याशिवाय काम सुचत नाही. तरीही ज्या नववी-दहावीच्या मुलांना मी हे दाखवले, त्यांना अर्ध्या तासात तारीख बदलणे, हद्द आखणे आणि दोन चित्रांवरून पडदा सरकवणे जमले. शाळांनी, सोसायट्यांनी आणि टेकडीवर जाणाऱ्या गटांनी हे साधन जरूर वापरावे. घर घेण्यापूर्वी परिसर पाहू इच्छिणाऱ्यांनीही वापरावे, विशेषतः प्रकल्पाशेजारची मोकळी जागा गेल्या पाच वर्षांत पेरली जात होती की नाही हे पाहण्यासाठी. न्यायालयात किंवा महापालिकेत हरकत नोंदवण्यासाठी मात्र याच्या चित्रावर एकट्याने विसंबू नये. सोबत जागेवरचे छायाचित्र, तारीख आणि सर्व्हे क्रमांक हवाच. पाचपैकी चार तारे मी शहराच्या कडेसाठी देईन, दोन मध्यवस्तीसाठी.

आमच्या वहीत सध्या सतरा हद्दी आखलेल्या आहेत. दर वर्षी १५ ते ३० नोव्हेंबर या काळातील पहिले निरभ्र चित्र घ्यायचे, प्रत्येक हद्दीतील बदललेला भाग पेन्सिलीने खुणा करून दाखवायचा आणि मग दोघा-दोघांनी तो पायी पाहून यायचा, असे ठरले आहे. गेल्या खेपेला बाणेर-पाषाण टेकडीच्या उतारावर एक नवा पांढरा ठिपका दिसला, म्हणून टेकडीफोड झाली असे गृहीत धरून आम्ही चौघे तावातावाने गेलो. एका मंदिराच्या आवारात नव्या फरश्या बसवल्या होत्या. पुजाऱ्यांनी पाणी दिले. त्याच वाटेवर, ठिपक्यापासून साठ-सत्तर पावलांवर, राडारोड्याचे तीन ताजे ढीग पडलेले होते. ते चित्रात कुठेच नव्हते, कारण शेजारच्या मुरमाचा आणि त्यांचा रंग एकच होता. ते आम्ही वहीत हाताने मांडले.